बर्फाखालच्या मुदी

मिसिसागा
१९ ऑक्टोबर

ती. स्व. आजीस,
अक्षताचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि व्हिडिओ कॉल लावला की पपा आणि नंदन मिळून तुझ्या वाटचंही बोलून घेतात. म्हणून तू म्हणालीस तसं कागद-पेन घेऊन बसले आहे. शुद्धलेखनाच्या चुकांवर लाल रेघा मारून पत्र परत पाठवू नकोस. शाळा सोडून तुला वीस वर्षं झाली.

राहायची सोय झाली, ती काळजी सोड. रिचमंड हिलच्या अरविंदकाकांचे हयाशी म्हणून एक जुने पेशंट होते. ते वारले, आता त्यांच्या पत्नी घरात एकट्याच असतात. वय सत्त्याऐंशी. त्यांना बर्फ शोव्हल करायला आणि ग्रोसरी उचलून आणायला कुणीतरी हवं होतं आणि मला ब्रॅम्पटनच्या त्या बेसमेंटमधून सुटका हवी होती. माझी मैत्रीण श्रावणी धरून आम्ही सात जणी एका वॉशरूमवर होतो. अरविंदकाकांनी शब्द टाकला आणि नीरजाकाकू मला गाडीतून इथे सोडून गेल्या.

हयाशीबाई जन्माने कॅनडाच्या. जपान त्यांनी आयुष्यात दोनदाच पाहिलाय, पण उंबरठ्याच्या आत सगळं जपानच आहे. म्हणजे मी शिकायला आले कॅनडात आणि राहते जपानात. बूट दारात काढायचे, ते आपलंच. पण वॉशरूमच्या चपला वेगळ्या, त्या तिथेच सोडायच्या. दुसऱ्याच दिवशी मी त्या घालून थेट स्वयंपाकघरात आले.  बाईंनी घरातल्या चपला आणून माझ्या पायाशी ठेवल्या आणि चहा गाळत राहिल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुझ्यासारखं ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता मुद्द्याचं. दिवाणखान्यात एक काळं लाकडी कपाट आहे, आपल्या देव्हाऱ्यासारखं. त्यात हयाशीकाकांचा फोटो आहे आणि एका लहान बाळाचा, अगदी जुना. रोज सकाळी राइस कुकर उघडला की भाताचा पहिला चमचा पितळेच्या एका छोट्या वाटीत भरून बाई त्यांच्यापुढे ठेवतात, छोटी घंटा वाजवतात, हात जोडतात. इथवर छान वाटतं. पण थोड्या वेळाने ती वाटी खाली आणतात, माझ्या बोलमध्ये, म्हणजे वाडग्यात, उपडी करतात आणि ती मूद मी खायची असते. गेल्यांच्या पुढ्यातला भात आजी. माझ्या घशाखाली उतरेना. उशीर झाला म्हणून डब्यात घालून कॉलेजला नेला आणि तसाच पडू दिला. रोज काय करू ते कळव.

पपांना आणि नंदनला सांग मी जेवते वेळेवर. लोभ आहे तो कुरिअरने पाठव, टपालाला तीन आठवडे लागतात.

तुझी,
अक्षता


कऱ्हाड
९ नोव्हेंबर

चि. अक्षतास,
ताराबाई आजीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. 'ग्रोसरी' आणि 'शोव्हल' सोडले तर चुका तीनच, तेव्हा पत्र ठेवून घेतलं आहे.

तू विचारलंस ते बरं केलंस. देवापुढचा नैवेद्य आपण खातो, तो प्रसाद. मेलेल्या माणसापुढचं पान जिवंताने खायचं नसतं, ते कावळ्याचं. दहा वर्षांची होतीस तेव्हापासून आजोबांच्या श्राद्धाला बघते आहेस, यात विचारायचं काय? त्यातून तो परक्या घरचा माणूस आणि ते परक्याचं बाळ. तू तिकडे एकटी, अजून लग्न व्हायचं आहे. असलं काही पोटात जाऊ देऊ नकोस.

पण म्हातारीचं मन मोडू नकोस. या वयात ती रोज उठून भात शिजवते हेच पुष्कळ आहे. हसून वाटी घे, डब्यात घाल आणि घराबाहेर कुठे तरी कावळ्याला टाक. कावळे तिकडेही असतीलच, त्यांना व्हिसा लागत नाही. सापही मरावा आणि काठीही मोडू नये.

नंदन बारावीला आहे असं तो सांगतो. पुस्तक हातात दिसत नाही. तुझ्या पपांचा गुडघा बरा आहे. कानटोपी घालत जा, फॅशन नंतर.

आशीर्वाद देऊन दमले नाही, इतकंच.

तुझी आजी


मिसिसागा
१४ जानेवारी

ती. स्व. आजीस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

बाहेर सगळं पांढरं आहे. ड्राइव्ह-वे रोज सकाळी शोव्हल करते, दंडाला गोळे आलेत, नंदनला कुस्तीला बोलावते म्हणून सांग.

तुझ्या सल्ल्याने सगळं सुरळीत चाललंय. वाटी घेते, 'खूप छान' म्हणते, मूद डब्यात घालते. बाई आवरायला खोलीत गेल्या की मागच्या अंगणात शेडच्या मागे जाऊन डबा उपडा करते. कावळे मात्र या थंडीत आमच्या अंगणात दिसत नाहीत. पण रात्रीतून नवीन बर्फ पडतं आणि दुसऱ्या दिवशी काही दिसत नाही. बोल धुऊन ठेवते. बाई रिकामं बोल बघतात आणि खूश होतात. आधी त्या दोन दिवसांचा भात एकदम लावायच्या, आता माझ्यासाठी रोज ताजा लावतात. आपल्याकडचा वासाचा तांदूळ शोधायलाही त्या माझ्याबरोबर आल्या होत्या. हे लिहिताना जरा कसंसंच वाटतंय, पण तूच म्हणालीस ना, मन मोडू नकोस.

नवीन वर्षासाठी त्यांच्या समाजाच्या हॉलमध्ये गेलो होतो. वाफवलेला चिकट तांदूळ लाकडी उखळात घालून दोघं-तिघं मोठ्या मोगऱ्यांनी कुटतात आणि एक जण मधूनमधून हात घालून तो उलटतो. मलाही कुटायला दिलं. सगळे आजी-आजोबा टाळ्या वाजवत होते आणि हयाशीबाई प्रत्येकाला माझी ओळख करून देत होत्या. घरातलं धाकटं माणूस, असं म्हणत होत्या.

त्या फोटोतल्या बाळाचं कळलं. तो त्यांचा धाकटा भाऊ, केन्जी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथल्या सरकारने किनाऱ्यावरच्या सगळ्या जपानी लोकांना घरंदारं सोडायला लावून डोंगरातल्या छावण्यांत नेऊन ठेवलं होतं. जन्म इथलाच असला तरी. कच्च्या लाकडाच्या झोपड्या, भिंतींना आतून बर्फ. बाई सहा वर्षांच्या होत्या. त्या पहिल्या हिवाळ्यात भाऊ गेला. तिथे त्याचा दगड आहे. ऑगस्टमध्ये त्यांच्यात गेलेली माणसं घरी येतात म्हणतात, आपल्या पितृपक्षासारखं. तेव्हा तिथे एकदा जायचंय, मुलीला कॅलगरीहून जमत नाही, तू येशील का, असं त्यांनी विचारलं. मी लगेच हो म्हटलं. विमानाने आणि मग बसने. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

संक्रांतीचा तिळगूळ कागदावर दे.

तुझी,
अक्षता


कऱ्हाड
६ फेब्रुवारी

चि. अक्षतास,
अनेक आशीर्वाद आणि तिळगूळ.

बघ, मी म्हटलं नव्हतं? तिचंही समाधान, तुझंही सोवळं. कृष्णाकाठच्या म्हातारीचं डोकं अजून चालतं हे तुझ्या पपांना वाचून दाखवलं.

प्रवासाला जरूर जा. म्हाताऱ्या माणसाचा हात धरण्यासारखं पुण्य नाही. मात्र त्या दगडापाशीही काही खायला दिलं तर काय करायचं ते तुला माहीत आहेच.

माया इथूनच पुरवते आहे.

आजी


मिसिसागा
२८ मार्च

ती. स्व. आजीस,
नमस्कार.

आज गंमत नाही. लिहायला घेतलेलं हे तिसरं पत्र आहे.

गेल्या आठवड्यात ऊन पडलं. इथलं बर्फ एकदम जात नाही. आधी मळतं, मग खचतं, मग कडेकडेने माती दिसते. शेडच्या मागे सावली असते, तिथलं सगळ्यात शेवटी गेलं. मी कॉलेजहून आले तेव्हा हयाशीबाई शेडच्या मागे वाकून उभ्या होत्या. त्यांच्या पुढ्यात माझ्या मुदी होत्या. कावळ्याने, खारीने कुणीच शिवल्या नव्हत्या, की थोड्या शिवल्या असतील, मला कळलं नाही. पितळेच्या वाटीचा आकार जसाच्या तसा. काही पिवळ्या पडलेल्या, काही एकमेकींना चिकटलेल्या. अख्ख्या हिवाळ्यातली एकेक सकाळ तिथे मांडून ठेवल्यासारखी.

बाई खुरप्याने एकेक मूद उचलून टोपलीत ठेवत होत्या. टाकत नव्हत्या आजी, ठेवत होत्या. मी धावत जाऊन खुरपं मागितलं. त्या म्हणाल्या, माझे हात गारठतील, मी आत जावं, चहा ठेवलाय. इथे अन्न राहिलं तर रॅकूनसारखे प्राणी येतात, असंही म्हणाल्या. मग फुलझाडांच्या वाफ्यात त्यांनी खड्डा केला आणि सगळ्या मुदी पुरल्या. मी खिडकीतून बघत राहिले. बाहेर जायचं धैर्य झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यापुढे बोल नव्हतं. बाईंनी वाटी खाली आणली, स्वतःच भात खाल्ला, वरून चहा घेतला आणि मला टोस्ट हवा का विचारलं. तेव्हापासून रोज टोस्ट. बाकी सगळं पहिल्यासारखं. हसतात, विचारपूस करतात, माझे मोजे सुकले की घडी करून ठेवतात. भात मात्र पुन्हा दोन दिवसांचा एकदम लावतात. ऑगस्टचा विषय काढत नाहीत.

आता तुला न सांगितलेलं सांगते. जानेवारीच्या पत्रात मी एक गोष्ट गाळली. केन्जी गेल्यावर छावणीत त्यांची आई भाताचा पहिला चमचा त्याच्या नावाने काढायची. तांदूळ मोजका असायचा. त्याच्यापुढे ठेवून झालं की तोच घास घरातल्या सगळ्यात लहान पोराला द्यायची. भाऊ गेल्यावर सगळ्यात लहान हयाशीबाईच होत्या. भावाच्या वाटचा भात खाऊन मी तो हिवाळा काढला, असं त्या म्हणाल्या. म्हणून त्यांच्या घरात तो घास धाकट्याचा. त्यांची मुलं घर सोडून दूर गेली, नातवंडं लांब आहेत, पुष्कळ वर्षं तो घास घ्यायला कुणी नव्हतं. हे सगळं त्यांनी मला त्या तांदूळ कुटायच्या कार्यक्रमाहून घरी येताना बसमध्ये सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडच्या मागे गेले.

तुला लिहिलं असतं तर तू टाकू नको म्हणाली असतीस. मला ते ऐकायचं नव्हतं. सवय झाली होती आणि आधी टाकलेल्याचं काय सांगणार होते? म्हणून गाळलं.

श्रावणी म्हणते ब्रॅम्पटनला परत ये, एक गादी मोकळी आहे. जावं असं वाटतं. या घरात मान वर करून चालता येत नाही.

लोभ ठेव असं म्हणायला तोंड नाही.

अक्षता


कऱ्हाड
२ मे

चि. अक्षतास,
आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवले नाही. उपास म्हणून नव्हे. ताटात भात होता आणि हात पुढे जाईना.

अख्खी नोकरी मधल्या सुट्टीत पोरांचे डबे तपासण्यात गेली. ज्याने शीत टाकलं त्याला मी वर्गात उभं केलं. अन्न हे पूर्णब्रह्म म्हणून घोकून घेतलं. आणि तीच मी इथे बसून नातीला सांगत होते, रोज एक मूद फेकून दे. वर पपांना मोठ्याने वाचून दाखवलं की म्हातारीचं डोकं चालतं. तुझ्या पपांनी परवा पत्र वाचून माझ्या हातात परत दिलं. मला त्याचं तोंड बघवेना.

त्यात शास्त्र काही नव्हतं, अक्षता. मला भीती वाटली होती. पोर परमुलखात एकटी, कुणाचं काही बाधू नये. त्या भीतीलाच मी शास्त्र म्हणाले. त्यांचे गेलेले, त्यांची रीत. तिच्या घरात तो प्रसाद होता आणि तो कुणाला द्यायचा हे ठरवायचा अधिकार तिचा होता. कऱ्हाडात बसून निकाल देणारी मी कोण?

पण अर्धी लाज तुझी तू ठेव. मी सांगितलं ते न कळता, तू टाकलंस ते कळून. माझ्या पदराआड लपू नकोस.

ब्रॅम्पटनला जायचं नाही. पळालीस तर तिच्या लेखी तू कायमची भात टाकणारीच राहशील. तिच्यासमोर बस आणि सगळं सांग. आजीने सांगितलं हे सांग, आणि बसमधली गोष्ट ऐकूनही टाकलंस हेही सांग. क्षमा करा म्हणून रडत बसू नकोस, म्हाताऱ्या माणसाला मग तुलाच समजवावं लागेल. दिलेलं तू टाकलंस, आता ते मागून घ्यावं लागेल. तीर्थ घेताना हात करतो तसा कर, डाव्यावर उजवा, आणि माग. नाही दिलं तर तोही तिचा अधिकार.

तिला माझा नमस्कार सांग. वयाने ती मोठी आहे, पण नसती तरी केला असता.

अजून तुझीच,
आजी


मिसिसागा
२४ ऑगस्ट

ती. स्व. आजीस,
साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र आल्यावर चार दिवस मी ते दप्तरात घेऊन फिरले. मग एका रविवारी बाईंसमोर बसले आणि सगळं सांगितलं, बसमधल्या गोष्टीसकट. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. तुमच्याकडे कावळ्याला का घालतात, एवढंच विचारलं. गेलेली माणसं त्याच्या रूपाने येतात असं आम्ही मानतो, म्हटलं. मग त्या 'इट्स ओके' म्हणाल्या आणि कुकर बंद करून खोलीत गेल्या. दुसऱ्या दिवशी टोस्ट होता. मी हात पुढे करणार होते, पण झाला नाही. जून गेला, जुलै गेला.

निघायच्या आठवडाभर आधी त्यांनी माझे बूट चालायला बरे आहेत का विचारलं. तेवढंच आमंत्रण. त्यांच्या समाजाच्या बसमध्ये आम्ही दोघी सगळ्यात पुढे बसलो. बाजूने खूप मोठं तळं, वर देवदाराचे डोंगर, अगदी सुंदर मुलूख. अशा जागी लोकांना कोंडून ठेवलं होतं हे डोळ्यांना पटत नाही. जुन्या झोपड्यांपैकी दोन-तीन दाखवायला ठेवल्या आहेत. बाई आत आल्या नाहीत. बाहेर उभं राहूनच त्यांनी मला सांगितलं की चूल कुठे होती आणि ती दोघं भावंडं कुठे झोपायची.

केन्जीचा दगड लहान आहे, शेवाळलेला. मी पाणी आणून तो धुतला. बाईंनी सकाळी मोटेलमध्ये छोट्या कुकरमध्ये भात लावला होता, त्याचा गोळा त्यांनी दगडापुढे ठेवला. घंटा आणली होती, ती वाजवली. आम्ही हात जोडले. थोड्या वेळाने त्या घडीच्या स्टुलावर बसल्या आणि तो गोळा उचलून हातात घेतला.

तेव्हा मी पुढे झाले आणि डाव्या हातावर उजवा ठेवून ओंजळ धरली. मला द्या, असं म्हटलं.  त्या बराच वेळ माझ्या हातांकडे बघत होत्या. वरच्या झाडात कावळे ओरडत होते, त्यांच्याकडेही त्यांनी पाहिलं. तुझी आजी रागावेल, असं म्हणाल्या. मी म्हटलं, तिनेच मागायला सांगितलंय. तुझा नमस्कार तेव्हा सांगितला. मग त्यांनी गोळा माझ्या हातावर ठेवला. निम्मा नव्हे, अख्खा. सकाळपासून त्यांच्या पोटात चहाखेरीज काही नव्हतं हे मला माहीत होतं, पण परत करायची ती वेळ नव्हती. भात गार झाला होता, थोडा घट्ट. मी उभ्या उभ्या सगळा खाल्ला आणि बोटांची शितंही चाटून घेतली. त्या तेवढा वेळ मान खाली घालून बसल्या होत्या. मी रडत होते ते त्यांनी बघितलं नसावं, किंवा बघून न बघितल्यासारखं केलं असेल.

एक कावळा खाली उतरला आणि मान वाकडी करून आमच्याकडे बघू लागला. बाईंनी त्याला आपले दोन्ही रिकामे तळवे दाखवले. मीही दाखवले.

घरी येऊन दहा-बारा दिवस झाले. सगळं पहिल्यासारखं झालंय असं तुला लिहिणार नाही. बोल अजून आपोआप येत नाही. वाटी खाली आणून त्या टेबलावर ठेवतात आणि थांबतात. मग मी ओंजळ करते. रोज मागावं लागतं आणि रोज लाज वाटते. आज सकाळी मला उठायला उशीर झाला. खाली आले तर त्या वाटी पुढ्यात घेऊन तशाच बसल्या होत्या, मी मागायची वाट बघत.

तुझ्या ताटातला भात आता खात जा.

तुझी,
अक्षता